स्पेनमध्ये स्पॅनिश साहित्याचं प्राध्यापक व्हायचं असेल तर: पदवीपासून कायम जागेपर्यंत

स्पॅनिश भाषा शिकवणं आणि स्पॅनिश साहित्याचं प्राध्यापक होणं या स्पेनमध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. आपल्याकडे बरेच जण ‘देले’ ही स्पॅनिश भाषेची परीक्षा देतात, भाषेचे वर्ग घेऊ लागतात आणि पुढे सवडीने साहित्याकडे वळू, असं धरून चालतात. वळता येतं. पण वर्गांवर घालवलेली ती वर्षं साहित्याच्या जागेसाठी अर्ज करताना फार कमी मोजली जातात, काही ठिकाणी तर अजिबात नाही.

कारण तिथे प्रत्येक जागा एखाद्या ‘आरेआ’ची, म्हणजे ज्ञानक्षेत्राची असते. लितेरातुरा एस्पान्योला हे स्पॅनिश साहित्याचं क्षेत्र. लेंग्वा एस्पान्योला हे भाषेचं, आणि तेओरिया दे ला लितेरातुरा इ लितेरातुरा कोंपारादा हे साहित्यसिद्धांत व तौलनिक साहित्याचं. तिन्ही विषय एकाच इमारतीत शिकवले जात असले तरी नोकरीच्या जाहिरातीत त्यांची सरमिसळ होत नाही. लॅटिन अमेरिकेचं साहित्य शिकवणारे बहुधा पहिल्या क्षेत्रात धरले जातात. आपण कोणत्या आरेआसाठी तयारी करतो आहोत, हे मास्तेरला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, नाव घालण्यापूर्वीच ठरलेलं असावं. पुढचा प्रत्येक लेख, प्रत्येक तास आणि प्रत्येक प्रमाणपत्र त्याच मापाने मोजलं जाणार असतं.

आधी सगळा जिना एकदा पाहून घ्या. ग्रादो म्हणजे पदवी, सर्वसाधारणपणे 4 वर्षांची आणि 240 क्रेडिटची. एक युरोपीय क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं 25 ते 30 तासांचं काम. मग 60 ते 120 क्रेडिटचं मास्तेर. मग पूर्णवेळ असेल तर 4 वर्षांची डॉक्टरेट. त्यानंतर प्रोफेसोर आयुदांते दोक्तोर ही जास्तीत जास्त 6 वर्षांची मुदतीची जागा. त्यापुढे कायम नोकरी, आणि तिचे दोन प्रकार: कराराची पेर्मानेंते लाबोराल किंवा सरकारी सेवेतली तितुलार. सगळ्यात वर कातेद्रातिको. नियमातल्या मुदतींची नुसती बेरीज केली, 4 अधिक 1 अधिक 4 अधिक 6, तरी 15 वर्षं होतात. घरच्यांशी बोलताना हाच आकडा सांगावा. ‘पीएचडी झाली की नोकरी’ हे गणित इथे लागू पडत नाही.

भाषा, कागद आणि तुमचं नाव

साहित्याच्या मास्तेरसाठी विद्यापीठं युरोपीय भाषास्तरांतली साधारण बी2 ते सी1 पातळी मागतात. तेवढ्यावर प्रवेश मिळतो, पण सतराव्या शतकातलं पद्य वाचून त्यावर स्पॅनिशमध्ये वीस पानं लिहायची तर सी1 ही किमान गरज समजा आणि डॉक्टरेटच्या काळात सी2 काढा. सी1 पर्यंतच्या देलेमध्ये 100 गुण असतात, 50-50 चे दोन गट असतात आणि दोन्ही गटांत प्रत्येकी किमान 30 लागतात. एका गटात 45 आणि दुसऱ्यात 28 मिळाले तर नापास. भारतात शिकलेल्यांचं वाचन बहुधा चांगलं असतं आणि ऐकणं-बोलणं अडतं, म्हणून सराव तिकडे जास्त हवा. देलेचं प्रमाणपत्र कायम चालतं, सिएले या दुसऱ्या भाषापरीक्षेचं 5 वर्षांनी संपतं. लांबच्या वाटेला देलेच बरी.

भारतातून साहित्याचा पाया घ्यायचा असेल तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशमध्ये बीए ऑनर्सपासून पीएचडीपर्यंत सोय आहे. दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ हे आणखी दोन पर्याय. नुसत्या सर्टिफिकेट आणि डिप्लोमा कोर्सवर स्पेनमधल्या साहित्याच्या मास्तेरला प्रवेश मिळणं अवघड असतं. बीए मराठी किंवा इंग्रजी साहित्यात असेल तर अर्ज करता येतो, मात्र काही ठिकाणी पूरक विषय पुरे करायला सांगतात.

डॉक्टरेटसाठी पदवी आणि मास्तेर मिळून 300 क्रेडिट लागतात आणि त्यातले किमान 60 मास्तेर पातळीचे हवेत. भारतातली बीए आणि एमए मिळून पाच वर्षं होतात, त्यामुळे पुष्कळदा थेट डॉक्टरेटला अर्ज करता येतो. तरी आमचं मत असं की स्पेनमधलं एक वर्षाचं मास्तेर करावंच. तिथली ग्रंथालयं, तिथली लिहिण्याची रीत आणि तिथले मार्गदर्शक हाताशी येतात. मास्तेरचा शेवटचा प्रबंध पुढे डॉक्टरेटच्या विषयाची चाचणी ठरतो.

पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका यांवर आधी राज्य सरकारचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील, आणि शेवटी स्पेन सरकारने नेमलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. हा क्रम मोडू नका. अपोस्टीलच्या आधी भाषांतर केलं तर अपोस्टीलचा कागद भाषांतराबाहेर राहतो आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम दोन्ही घ्या. विषयाचं नाव ‘पेपर 4’ एवढंच छापलेलं असेल तर तो पेपर कशाचा होता, हे विद्यापीठाकडून लिहून घ्यावं लागतं.

नावाचा घोळ खास आपला आहे. महाराष्ट्रातल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि उरलेली नावं दुसऱ्या. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, त्यामुळे तिथला कारकून किंवा संगणक वडिलांचं नाव सरळ ‘पहिलं आडनाव’ म्हणून चढवतो. मग ओळखपत्रावर एक नाव, पदवीवर दुसरं आणि छापील लेखावर तिसरं. अशा वेळी ‘हा लेख याच उमेदवाराचा आहे’ हे सिद्ध करत बसावं लागतं. पहिला लेख छापायला देण्याआधी लेखक म्हणून एकच नाव नक्की करा, त्यावर ऑर्किड हा संशोधकाची ओळख सांगणारा क्रमांक काढा आणि सगळीकडे तेच वापरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा प्रतिज्ञापत्र भाषांतरासकट जवळ ठेवा.

विषय निवडताना

इथे घाई करू नये. विषय चार वर्षं पुरायला हवा आणि त्यापुढच्या दहा वर्षांची ओळखही त्यातूनच मिळणार असते.

स्पेनमधली साहित्य-अभ्यासाची परंपरा संहितेपासून सुरू होते. कोणती प्रत, कोणती आवृत्ती, कोणी छापली, काय बदललं, हे प्रश्न आधी येतात आणि अर्थ लावणं नंतर. सेर्वांतेसच्या ‘दोन किखोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीचं उदाहरण घ्या. पहिला भाग 1605 मध्ये माद्रिदला खुआन दे ला कुएस्ताच्या छापखान्यात छापला. त्या पहिल्या छपाईत पंचविसाव्या प्रकरणात नायकाचा सेवक सांचो याचं गाढव चोरीला गेल्याचं बोललं जातं, पण चोरी कधी झाली ते कुठेच सांगितलेलं नाही. पुढे गाढव परतही येतं, तेही काही न सांगता. त्याच वर्षी कुएस्ताने दुसरी आवृत्ती काढली. तिच्या तेविसाव्या प्रकरणात चोरीचा आणि तिसाव्यात गाढव सापडल्याचा मजकूर नव्याने घातलेला दिसतो. मात्र चोरीचा मजकूर अशा जागी बसवला आहे की त्यापुढेही काही ओळी सांचो गाढवावरच असतो. 1615 च्या दुसऱ्या भागात पात्रंच या चुकीबद्दल बोलतात. आता संपादकापुढे प्रश्न उभे राहतात. हा वाढीव मजकूर लेखकाचाच मानायचा का? तो मूळ संहितेत बसवायचा की परिशिष्टात ठेवायचा? तेविसाव्या प्रकरणातली विसंगती दुरुस्त करायची की तशीच राहू द्यायची? प्रत्येक उत्तरामागे छापखान्याच्या कामाची, पानांच्या जुळणीची आणि लेखकाच्या सवयींची माहिती लागते. डॉक्टरेटच्या चांगल्या प्रश्नाची जात ही अशी असते: छोटा, तपासता येईल असा, आणि उत्तर मिळालं की पुस्तक वाचण्याची रीत बदलेल असा.

नवखा उमेदवार याच्या नेमका उलट विषय घेऊन येतो: ‘विसाव्या शतकातल्या स्पॅनिश कादंबरीतली स्त्री’ किंवा ‘स्पॅनिश आणि भारतीय साहित्यातला मृत्यू’. असे विषय मार्गदर्शक पहिल्याच भेटीत बाजूला सारतात, कारण त्यांना हद्द नसते. विषय तीन चाळण्यांतून काढा. मूळ साहित्य तुम्हाला प्रत्यक्ष पाहता येईल का? गेल्या दहा वर्षांत त्यावर काय लिहिलं गेलंय, हे दियाल्नेत आणि एमएलए या अमेरिकी भाषा-साहित्य संघटनेच्या सूचीत शोधलंत का? आणि त्यातून किमान तीन स्वतंत्र लेख निघतील का? दियाल्नेत ही ला रियोखा विद्यापीठाची सूची स्पॅनिश संशोधनासाठी पहिली पाहायची, फुकट आहे.

सुवर्णयुगाच्या, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, नाटकांकडे ओढा असेल तर काम अजून भरपूर उरलं आहे. लोपे दे वेगाची नाटकं कधी त्याच्या हस्ताक्षरात, कधी नाटक मंडळीच्या नकलेत, तर कधी ‘पार्ते’ नावाच्या छापील संग्रहांत मिळतात. 1617 च्या नवव्या पार्तेपासून छपाईवर त्याने स्वतः लक्ष घातलं, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या प्रतींची किंमत सारखी धरता येत नाही. बार्सेलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातला प्रोलोपे गट याच नाटकांच्या आवृत्त्या काढतो. नावार्रा विद्यापीठातला ग्रिसो गटही सुवर्णयुगावर काम करतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाकडे कल असेल तर राष्ट्रीय ग्रंथालयाची हेमेरोतेका दिखिताल, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा डिजिटल साठा, घरबसल्या चाळता येतो. भारतात राहून विषयाची चाचपणी करायला यापेक्षा सोयीचं साधन नाही.

मार्गदर्शक निवडताना नावाच्या दबदब्यापेक्षा तीन गोष्टी पाहा. त्यांच्या हाताखाली गेल्या काही वर्षांत किती प्रबंध पुरे झाले, हे तेसेओ या सरकारी प्रबंधसूचीत दिसतं. त्यांच्याकडे चालू संशोधन प्रकल्प आहे का, हे विभागाच्या पानावर कळतं. प्रकल्प असेल तरच त्याच्याशी जोडलेली एफपीआय पगारी जागा येण्याची शक्यता असते. आणि ते निवृत्तीच्या किती जवळ आहेत? पत्र एका पानाचं लिहा: प्रश्न काय, कोणत्या प्रतींवर काम करायचं, आजवर काय वाचलं. ‘मला स्पॅनिश संस्कृतीची लहानपणापासून आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारी पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात.

डॉक्टरेटची चार वर्षं

पहिल्या वर्षात संशोधन आराखडा सादर करावा लागतो. दरवर्षी समिती आराखडा आणि तुमच्या कामांची नोंदवही तपासते. शेरा प्रतिकूल आला तर सहा महिन्यांत नव्याने तपासणी होते. दुसऱ्यांदाही प्रतिकूल आला तर नाव कायमचं काढलं जातं. पूर्णवेळ 4 आणि अर्धवेळ 7 वर्षांची मुदत असते, एक वर्ष वाढवून मागता येतं. नोकरी करत शिकणार असाल तर पहिल्याच दिवशी अर्धवेळ नोंदणी करा. मधेच प्रकार बदलायला परवानगी लागते.

पगारी जागांमध्ये सरकारची एफपीयू सगळ्यांना माहीत असते. परदेशी उमेदवारांनी तिच्या जाहिरातीतली निवास परवान्याची अट आधी वाचावी. विद्यापीठांच्या आणि प्रांतांच्या स्वतंत्र योजना असतात, त्या पुष्कळदा दुर्लक्षित राहतात. डॉक्टरेटपूर्व करारात पगार ठरवण्याची रीत कायद्यातच आहे: संदर्भपदाच्या पगाराच्या किमान 56 टक्के पहिली दोन वर्षं, 60 टक्के तिसऱ्या आणि 75 टक्के चौथ्या वर्षी. या काळात वर्षाला जास्तीत जास्त 60 आणि एकूण 180 तास शिकवता येतं. मिळतील तेवढे तास घ्या, आणि ते शक्यतो साहित्याचेच घ्या.

आंतरराष्ट्रीय उल्लेख, मेन्सियोन इंतेर्नासियोनाल, घ्यायचा असेल तर किमान 3 महिने स्पेनबाहेरच्या संस्थेत राहून काम करावं लागतं. प्रबंधाचा काही भाग स्पेनच्या अधिकृत भाषा सोडून दुसऱ्या संशोधनभाषेत लिहायचा, बाहेरच्या दोन तज्ज्ञांचे अहवाल घ्यायचे आणि परीक्षक मंडळात परदेशी संस्थेचा एक जण हवा. भारतीय उमेदवाराला वाटतं, ‘मी मुळात परदेशीच आहे, मला काय गरज?’ पण इथे पाहिला जातो तो तुमचा स्पेनबाहेरचा मुक्काम, नागरिकत्व नाही. तुलूझ, ऑक्सफर्ड, पिसा यांसारखी ठिकाणं हिस्पानिस्तांच्या, म्हणजे स्पॅनिश भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या, ओळखीची आहेत. मुक्कामाची तजवीज दुसऱ्या वर्षीच करून ठेवा.

माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हस्तलिखितं आणि दुर्मीळ छापील ग्रंथ साला सेर्वांतेसमध्ये पाहायला मिळतात, त्यासाठी संशोधकाचं कार्ड लागतं. जायच्या आधी बिब्लियोतेका दिखिताल इस्पानिकामध्ये त्या ग्रंथाची डिजिटल प्रत आहे का ते बघा. असेल तर मूळ प्रत हातात देताना कारण विचारतात. कागदाचा जलचिन्हासारखा तपशील, शिवण, खोडलेलं अक्षर अशी ठोस कारणं लिहून न्या. सोबत पेन्सिल. जुन्या हस्ताक्षरांचं शिक्षण, विशेषतः प्रोसेसाल लिपी वाचणं, पहिल्याच वर्षी उरकून घ्या. शब्दांच्या अर्थासाठी 1611 चा कोवार्रुबियासचा कोश, 1726 ते 1739 मध्ये निघालेला आउतोरिदादेस आणि स्पेनच्या भाषा अकादमीचा कोर्दे हा जुन्या मजकुरांचा संग्रह रोज उघडला जाईल.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मंडळातले बहुसंख्य सदस्य बाहेरचे असतात. ‘कुम लाउदे’ गुप्त मतदानाने आणि एकमताने मिळतं. ते पुष्कळांना मिळतं, म्हणून नोकरीच्या वेळी त्याने फारसा फरक पडत नाही. ते नसलं तर मात्र प्रश्न विचारले जातात.

लेख कुठे द्यायचे

डॉक्टरेटच्या काळात दोन-तीन चांगले लेख पुरेत. परिषदांच्या संग्रहात छापलेले सात लेख आणि नामांकित नियतकालिकातला एक, यांत दुसरा पर्याय घ्या. 1914 मध्ये सुरू झालेलं रेविस्ता दे फिलोलोखिया एस्पान्योला, मेक्सिकोचं नुएवा रेविस्ता दे फिलोलोखिया इस्पानिका, तुलूझचं क्रितिकोन, लिव्हरपूलचं बुलेटिन ऑफ हिस्पॅनिक स्टडीज, पेन्सिल्व्हेनियाचं हिस्पॅनिक रिव्ह्यू ही नावं निवड समितीतल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. स्पेनच्या सरकारी संशोधन परिषदेची नियतकालिकं वाचकाला खुली आहेत आणि लेखकाकडूनही पैसे घेत नाहीत. आमच्या क्षेत्रात पैसे मागणारं निमंत्रण ईमेलने आलं तर ते सरळ काढून टाकावं.

लेख परत येतो त्याची कारणं ठरलेली असतात. प्रबंधाचं प्रकरण तसंच उचलून पाठवलेलं असतं, त्यात पहिली आठ पानं आधीच्या संशोधनाचा आढावा. तळटीपांची पद्धत त्या नियतकालिकाची नसते. आणि लेखक कोण हे ‘मी अन्यत्र दाखवल्याप्रमाणे’ अशा टीपेवरून उघड होतं, तर परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असतं. दावा पहिल्या पानावर लिहा. आढावा दोन परिच्छेदांत आटोपा.

परिषदांपैकी आंतरराष्ट्रीय हिस्पानिस्त संघटनेची, जी 1962 मध्ये ऑक्सफर्डला स्थापन झाली, परिषद दर तीन वर्षांनी भरते. सुवर्णयुगवाल्यांची आइसो आणि सेर्वांतेसवाल्यांची स्वतंत्र संघटना आहे. विषयाच्या छोट्या परिषदेत निबंध वाचणं नवख्याला जास्त फायद्याचं, तिथे ऐकणारे तुमचेच भावी परीक्षक असतात.

प्रमाणपत्रांची पेटी आणि बारेमो

आयुदांते दोक्तोरच्या जागेसाठी अर्ज तपासताना समिती ‘बारेमो’ नावाचा गुणतक्ता वापरते. शिक्षण, अध्यापन, संशोधन, बाहेरचे मुक्काम, इतर, असे रकाने असतात आणि प्रत्येकाला कमाल मर्यादा. ज्याचा कागद जोडलेला नाही त्याला शून्य. सगळे बायोडेटा लिहिण्यात रात्री घालवतात आणि गुण जातात ते पुराव्याअभावी.

भारतातून आणलेली अनुभव प्रमाणपत्रं इथे हमखास फसतात. ‘अमुक यांनी आमच्या महाविद्यालयात 2019 ते 2022 स्पॅनिश शिकवलं, त्यांची वर्तणूक चांगली होती’ या कागदाला गुण देणं समितीला शक्यच नसतं. कागदावर हे सगळं हवं: पदाचं नाव आणि नेमणुकीचा प्रकार, विषयाचं पूर्ण नाव, कोणत्या वर्षाचा वर्ग, सुरू आणि संपल्याची तारीख, आठवड्याचे तास आणि एकूण तास, लेटरहेड, शिक्का, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. नोकरी सोडतानाच मागून घ्या. चार वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात आणि जुनी हजेरीपटं कुठे आहेत ते कुणाला माहीत नसतं. परिषदेत निबंध वाचल्याचं, मुक्काम केल्याचं, व्याख्यान दिल्याचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात घ्यायचं आणि स्कॅन करून ठेवायचं. फाइलच्या नावात वर्ष आधी घाला, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

बारेमोत ‘आफिनिदाद’ म्हणजे जागेशी जवळीक किती, याचा गुणक असतो. काम नेमक्या क्षेत्रातलं असेल तर पूर्ण गुण, शेजारच्या क्षेत्रातलं असेल तर पुष्कळदा निम्मे, दूरचं असेल तर शून्य. भाषावर्गांची वर्षं इथेच गळतात. तीनशे तास भाषा शिकवलेल्यापेक्षा साठ तास सुवर्णयुगाचं नाटक शिकवलेला उमेदवार पुढे जाऊ शकतो. भारतात भाषा शिकवत असाल तर अभ्यासक्रमात साहित्याचा एक स्वतंत्र पेपर तुमच्या नावावर करून घ्या आणि प्रमाणपत्रात तो वेगळा लिहवून घ्या.

अर्जाची मुदत कामकाजाच्या दिवसांत मोजतात. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, त्यात स्थानिक सुट्ट्याही येतात. अर्ज ऑनलाइन जातो, त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र आधी काढलेलं असावं; शेवटच्या दिवशी ते मिळत नाही. तात्पुरती यादी लागली की नाव वगळलेल्यांना सुब्सानासियोन, म्हणजे उणीव भरून काढायची संधी, मिळते, साधारण 10 कामकाजाचे दिवस. यात राहून गेलेला कागद देता येतो, पण नवा लेख किंवा नवा अनुभव घालता येत नाही.

कायम जागा

2023 च्या विद्यापीठ कायद्याने, ज्याला सगळे लोसू म्हणतात, पायऱ्यांची रचना बदलली. आयुदांते दोक्तोरसाठी आता आनेका या सरकारी मूल्यमापन संस्थेची पूर्वमान्यता लागत नाही, डॉक्टरेट पुरते. मुदत 6 वर्षं, अध्यापन वर्षाला जास्तीत जास्त 180 तास. असोसियादो ही अर्धवेळ जागा मात्र बाहेर दुसरा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, वर्षाला 120 तासांच्या मर्यादेत. ती करिअरची पहिली पायरी समजून घेऊ नका.

मधल्या काळासाठी पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या मुदतीच्या संशोधनजागा, आहेत. खुआन दे ला सिएर्वा 2 वर्षांचा, रामोन इ काखाल 5 वर्षांचा. युरोपची मारी क्युरी फेलोशिप घ्यायची असेल तर गेल्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे माद्रिदला डॉक्टरेट केलेल्याने ती लगेच स्पेनसाठी मागू नये; इटली, फ्रान्स किंवा जर्मनीतला यजमान शोधावा.

तितुलार आणि कातेद्रातिको होण्यासाठी आधी आनेकाची मान्यता आणि मग विद्यापीठाची कोंकुर्सो ही स्पर्धा. पेर्मानेंते लाबोरालची मान्यता प्रांतिक संस्थाही देतात. मान्यतेसाठी निवडक कामं मांडून त्यांचं महत्त्व शब्दांत सांगावं लागतं. ‘हा लेख पहिल्या दर्जाच्या नियतकालिकात आहे’ एवढं पुरत नाही. त्यातून काय नवीन कळलं, कुणी तो वापरला, हे लिहायचं असतं. स्पर्धेत बहुतेक विद्यापीठं अध्यापन आणि संशोधनाचा लिखित प्रकल्प मागतात आणि तोंडी मांडणी घेतात. समितीत बाहेरचे सदस्य बहुसंख्य असतात आणि ते सोडतीने निवडले जातात. त्या विभागाच्या प्रत्यक्ष अभ्यासक्रमाशी न जुळणारा प्रकल्प लगेच ओळखू येतो. आधी त्या विभागाची गिया दोसेंते, म्हणजे विषयपत्रिका, वाचा.

भारतीयांना एक अडथळा शेवटी कळतो, तो आधीच माहीत असावा. तितुलार आणि कातेद्रातिको ही सरकारी सेवेतली पदं आहेत, त्यांना स्पेनचं किंवा युरोपीय संघातल्या देशाचं नागरिकत्व लागतं. पेर्मानेंते लाबोरालला नागरिकत्वाची अट नाही, आणि ती तितकीच कायम नोकरी आहे. स्पॅनिश नागरिकत्वासाठी भारतीयाला सर्वसाधारणपणे 10 वर्षांचा कायदेशीर वास लागतो, लॅटिन अमेरिकेच्या नागरिकांना 2. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. आमचा सल्ला: पेर्मानेंते लाबोराल हेच पहिलं उद्दिष्ट ठेवा.

कायम झाल्यावर दर सहा वर्षांनी संशोधनाचं मूल्यमापन मागता येतं, त्याला सेक्सेनियो म्हणतात. त्यासाठी सहा वर्षांतली पाच कामं निवडून द्यायची. मंजूर झालं की पगारात भर पडते आणि प्रबंधांना मार्गदर्शन करण्यापासून वरच्या पदापर्यंत सगळीकडे ते विचारलं जातं. पूर्णवेळ सरकारी प्राध्यापकाचं अध्यापन कायद्याने वर्षाला 120 ते 240 तासांच्या दरम्यान असतं.

वर्गात

6 क्रेडिटचा विषय म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे 150 तास, त्यातले साधारण 45 ते 60 वर्गातले. नवखा शिक्षक बारा पुस्तकं लावतो. विद्यार्थी चार वाचतात आणि उरलेल्यांचे सारांश शोधतात. तीन पूर्ण ग्रंथ आणि वेचे लावा, आणि दर आठवड्याला एक तास ओळीवर ओळ वाचण्यासाठी राखून ठेवा. विषयपत्रिकेत मूल्यमापनाची टक्केवारी एकदा छापली की ती बांधील असते. सत्राच्या मधे ती बदलली तर विद्यार्थ्याची तक्रार मान्य होते. फेरपरीक्षेत कोणते गुण टिकतात आणि कोणते पुन्हा मिळवायचे, हेही त्यातच लिहा.

भारतात परत यायचं असेल तर

इथल्या विद्यापीठांत 2018 च्या यूजीसी नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पदव्युत्तर पदवीत 55 टक्के आणि नेट लागते. स्पॅनिश हा नेटचा स्वतंत्र विषय आहे: पहिल्या पेपरात 50 प्रश्न, दुसऱ्यात 100, एकूण 300 गुण, चुकीला वजावट नाही. परदेशी पीएचडीवर नेटमधून सूट मिळते, पण विद्यापीठ क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये असायला हवं. स्पेनमधलं विद्यापीठ निवडतानाच हे पाहा आणि त्या वर्षीच्या क्रमवारीचं पान छापून पीएचडीच्या कागदांसोबत ठेवा. सहयोगी प्राध्यापकासाठी पीएचडी, 8 वर्षांचा अनुभव आणि 7 प्रकाशनं. प्राध्यापकासाठी 10 वर्षं आणि 10 प्रकाशनं.

स्पॅनिश गुण 10 पैकी असतात आणि 5 ला पास होतात. मास्तेरला 5.2 घेऊन पास झालेल्याची पदवी स्पेनमध्ये पूर्ण वैध असते, पण इथे 55 टक्क्यांच्या अटीवर अडते. म्हणून मास्तेरची सरासरी 7 च्या वर, म्हणजे नोताब्ले, ठेवा. समकक्षतेचा अर्ज करताना पदवीसोबत सुप्लेमेंतो एउरोपेओ अल तीतुलो, म्हणजे पदवीची युरोपीय पुरवणी, जोडली की विषय, क्रेडिट आणि गुणपद्धत एकाच कागदावर दिसते. ती पदवीसोबतच विद्यापीठाकडून मागून घ्या.